प्लग वायरी बदलल्या आणि गाडी मिसिंग मारायला लागली: आता कुठून बघायचं?

प्लग वायरी म्हणजे स्पार्क प्लगपर्यंत ठिणगीची वीज नेणाऱ्या वायरी. त्या बदलायचं काम तसं सोपं असतं. जुन्या वायरी ओढून काढायच्या, नव्या बसवायच्या, अर्ध्या तासात हात धुवायचे. मग चावी फिरवली की इंजिन थंडी भरल्यासारखं थरथरतं, रेस दिली तर झटके मारतं, चढावर तर जीवच सोडतं. यालाच मिसिंग म्हणतात: एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल वेळेवर पेटतच नाही. कालपर्यंत हीच गाडी बरी चालत होती. अशा वेळी पहिला राग निघतो तो नव्या वायरींवर. ‘माल डुप्लिकेट दिसतोय’ म्हणून आपण मोकळे होतो. कधीकधी तसं असतंही. पण बहुतेकदा वायर चांगली असते. ती चुकीच्या जागी गेलेली असते, अर्धवट बसलेली असते, नाहीतर ती बसवताना शेजारचंच काहीतरी निसटलेलं असतं.

म्हणून खालचा सगळा क्रम एकाच हिशेबाने लावला आहे. गाडी काल बरी होती आणि आज नाही, तर मधल्या वेळात आपला हात जिथे जिथे लागला तिथे आधी बघायचं. इंधन पंप, इंजेक्टर, सेन्सर यांची पाळी नंतर. नाहीतर साप सोडून भुई धोपटण्यात दिवस जातो आणि वर दोन-तीन चांगले पार्ट विनाकारण बदलले जातात.

ज्या इंजिनांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल (बॅटरीचे व्होल्ट ठिणगीपुरते वाढवणारा भाग) असते, त्यांना सहसा अशा वायरी नसतातच. हा लेख डिस्ट्रिब्युटर (एका कॉइलची वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) असलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनांसाठी आणि कॉइल पॅकमधून (एकत्र बसवलेल्या कॉइलमधून) वायरी निघणाऱ्या इंजिनांसाठी आहे.

आधी गाडी थांबवा

‘थोडी फिरवली की सेट होईल’ असं काहीजण सांगतात. होत नाही. प्लग वायरीला सेट व्हायला वेळ लागत नाही, ती पहिल्या ठिणगीपासून काम करते किंवा करत नाही. उलट अशी गाडी पळवणं महागात पडतं. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, तिथलं पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं. कन्व्हर्टर आतून लाल होऊन वितळायला लागतो. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी नेमकं हेच ओरडून सांगत असते. शिवाय ते न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, ते वेगळंच.

बॉनेट उघडण्याआधी दोन-तीन गोष्टी पाळा. इंजिन थंड होऊ द्या. वायरीला हात लावताना इंजिन बंद आणि चावी काढलेली हवी. या वायरींतून वीस हजार व्होल्ट आणि त्याहून जास्त दाब जातो. करंट कमी असल्याने धडधाकट माणसाचा जीव सहसा जात नाही, पण झटक्याने हात मागे येतो तो थेट पंख्यात किंवा बेल्टमध्ये जाऊ शकतो. पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इंजिनाच्या इग्निशनजवळ जाऊच नये.

इंजिन काय सांगतंय ते ऐका

मीटर हातात घेण्याआधी दोन मिनिटं नुसतं ऐकायचं. चालू केल्या क्षणापासून एका ठेक्यात धक-धक, धक-धक असा हेलकावा येत असेल, तर एखाद-दुसरा सिलिंडर पूर्ण मेलेला आहे. म्हणजे वायर निसटलेली आहे किंवा अदलाबदल झालेली आहे. हवेच्या फिल्टरकडून फट-फट आवाज येत असेल किंवा सायलेन्सर फटाके फोडत असेल, तर अदलाबदलीचा संशय जवळजवळ पक्का.

आयडलिंगला सगळं छान, पण जोर लावला की झटके, असं असेल तर प्रकरण वेगळं. यामागचं कारण एकदा समजलं की पुढचा बराच भाग सोपा होतो. थ्रॉटल उघडला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं आणि दाबलं गेल्यावर त्याचा दाब वाढतो. दाट हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. हलक्या चालीत ज्या फटीतून वीज गळत नव्हती, तिथूनच आता ती पळवाट काढते, कारण प्लगच्या गॅपमधून (टोकांमधल्या फटीतून) उडी मारण्यापेक्षा तडकलेल्या रबरातून इंजिनाच्या लोखंडाला गाठणं तिला सोपं पडतं. म्हणून फक्त जोर लावल्यावर होणारं मिसिंग म्हणजे इन्सुलेशन, बूट (वायरीच्या टोकाची रबरी टोपी), वायरीची वाट किंवा प्लगचा गॅप.

आयडलिंग वाढलंय, खालीवर होतंय आणि कुठूनतरी सूं असा आवाज येतोय? मग वायरी राहू द्या, खाली व्हॅक्यूमच्या पाइपांबद्दल लिहिलंय तिथे आधी जा.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, असेल तर लावा. पी०३०० म्हणजे मिसफायर (मिसिंग) होतंय पण कुठल्या एका सिलिंडरचं नाव निश्चित नाही. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. एक सावधगिरी: मिसफायर असताना पी०१७१ हा ‘मिश्रण पातळ’ असल्याचा कोडही येऊ शकतो. ठिणगी न पडलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर जातो, ऑक्सिजन सेन्सर तो मोजतो आणि कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. त्या कोडवर विश्वास ठेवून इंजेक्टर साफ करायला काढलेल्यांची संख्या कमी नसावी.

फायरिंग ऑर्डर: घोडं पेंड खातं ते इथेच

मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा चारही वायरी एकदम उपटल्या. लांबीवरून ओळखू, असा माझा हिशेब. मधल्या दोन वायरींची लांबी जवळजवळ सारखी निघाली आणि पुढचे दोन तास मी कॉइलला शिव्या देत बसलो. तेव्हापासून दोन नियम पाळतो: एका वेळी एकच वायर काढायची आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यायचा. तुमच्याकडे फोटो नसेल तर मुळापासून तपासावं लागेल.

आधी सिलिंडरचे क्रमांक. एका रांगेतल्या इंजिनात १ नंबरचा सिलिंडर बहुतेक वेळा टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूला असतो. पण प्यूजो, रेनो अशा फ्रेंच इंजिनांत मोजणी फ्लायव्हीलच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूने सुरू होते. व्ही आकाराच्या इंजिनांत तर प्रत्येक कंपनीचा संसार वेगळा. जनरल मोटर्सच्या जुन्या व्ही-८ मध्ये एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम आकडे, तर फोर्डमध्ये एका बाजूला १ ते ४ आणि दुसऱ्या बाजूला ५ ते ८. तेव्हा अंदाज नको. मॅन्युअल, बॉनेटखालचं स्टिकर किंवा इनटेक मॅनिफोल्डवर कोरलेले आकडे बघा.

मग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांची १-३-४-२ असते, काहींची १-२-४-३. सरळ सहा सिलिंडरची सहसा १-५-३-६-२-४. वर म्हटलेल्या जनरल मोटर्सच्या व्ही-८ ची १-८-४-३-६-५-७-२.

डिस्ट्रिब्युटर असेल तर ऑर्डर माहीत असून भागत नाही, रोटर (आत फिरत एकेका टर्मिनलला वीज देणारा भाग) कुठल्या दिशेला फिरतो तेही कळायला हवं. कॅप (डिस्ट्रिब्युटरचं झाकण) उघडा, वायरी बाजूला घ्या, दुसऱ्या माणसाला स्टार्टर क्षणभर मारायला सांगा आणि लांबून बघा. घड्याळाच्या काट्याप्रमाणे की उलट? आता १ नंबरच्या टर्मिनलपासून त्याच दिशेने जात १, ३, ४, २ अशा वायरी लावायच्या.

दिशा उलटी धरली तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. ठिणग्या १-२-४-३ अशा क्रमाने पडतात. म्हणजे १ आणि ४ बरोबर चालतात, ३ आणि २ मात्र एकमेकांच्या वेळेला ठिणगी घेतात. इंजिन चालू होतं, पण दोनच पायांवर. पहिला आणि चौथा जिवंत, मधले दोघे मेलेले, असं चित्र दिसलं तर दिशाच चुकली आहे हे जवळपास धरून चाला.

शेजारच्या दोन वायरींची, समजा ३ आणि ४ ची, अदलाबदल झाली तर लक्षणं आणखी नाट्यमय असतात. चौथ्या सिलिंडरला ठिणगी क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) अर्धा फेरा आधी मिळते, म्हणजे पिस्टन तळाशी असताना आणि इनटेक व्हॉल्व्ह अजून पूर्ण मिटलेला नसताना. ज्वाला उलटी कार्ब्युरेटरकडे किंवा मॅनिफोल्डकडे येते आणि फट्ट आवाज होतो. तिसऱ्याला ठिणगी अर्धा फेरा उशिरा मिळते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायच्या सुमाराला. तिथलं मिश्रण सायलेन्सरमध्ये पेटतं. दोन्हीकडून आवाज येत असेल तर इंजिन स्वतःच सांगतंय की शेजाऱ्यांनी घरं बदललीत.

सगळ्याच वायरी एक घर पुढे किंवा मागे गेल्या असतील तर इंजिन सुरूच होत नाही, नुसतं खोकतं. तेव्हा १ नंबरचं टर्मिनल शोधून काढावं लागतं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चावी काढलेली. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढा, भोकावर बोट ठेवा आणि क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने इंजिन फिरतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा. हवा बोटाला बाहेर ढकलायला लागली की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक, म्हणजे पिस्टन मिश्रण दाबत वर येतोय. तसंच फिरवत पुलीवरची खूण शून्यावर आणा. आता रोटरचं टोक कॅपच्या ज्या टर्मिनलकडे असेल ते १ नंबरचं. बोटाची परीक्षा टाळून फक्त पुलीची खूण जुळवलीत तर फसाल. रोटर एक फेरा मारतो तेव्हा क्रँक दोन मारतो, म्हणून रोटरच्या एका फेऱ्यात खूण दोनदा जुळते आणि त्यातली एक वेळ चुकीची असते.

कॉइल पॅकचं गणित वेगळं आहे. तिथे एक कॉइल दोन सिलिंडरना एकाच वेळी ठिणगी देते, चार सिलिंडरमध्ये १-४ आणि २-३ अशा जोड्या. एका सिलिंडरमध्ये ती उपयोगी पडते, दुसऱ्यात एक्झॉस्ट स्ट्रोक चालू असल्याने वाया जाते. त्यामुळे १ आणि ४ च्या वायरी आपसांत बदलल्या तर इंजिनाला पत्ताही लागत नाही. पण १ आणि २ ची अदलाबदल झाली की दोन्ही सिलिंडर गेले. कॉइल पॅकवरचे टर्मिनल ओळीने १, २, ३, ४ असतील असं अजिबात समजू नका. प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात, ते टॉर्च मारून वाचा.

आणखी एक उपयोगाची गोष्ट. या जोडीतली वीज एका प्लगमधून हेडमध्ये जाते आणि दुसऱ्या प्लगमधून परत येते, म्हणजे दोन्ही प्लग आणि दोन्ही वायरी एकाच साखळीत. एक वायर आतून तुटलेली असेल तर दुखणं जोडीदारालाही होतं. पी०३०१ आणि पी०३०४ हातात हात घालून आले तर या दोन वायरी आणि त्यांची कॉइल, एवढ्यातच शोधा.

बूट खरंच बसलाय का?

ऑर्डर बरोबर निघाली की पुढचा संशय बुटावर. वरून बघता बूट बसलेला दिसतो, पण आतली धातूची क्लिप प्लगच्या डोक्यावर चढलेलीच नसते. रबर घट्ट असल्यामुळे आत अडकलेली हवा बुटाला पुन्हा वर ढकलते. बसवताना टक् असा आवाज किंवा बोटाला ठसका जाणवायला हवा. जाणवला नाही तर बूट किंचित फिरवत परत दाबा, मग हलकेच वर ओढून बघा. सहज निघाला तर बसलाच नव्हता. कॅपच्या किंवा कॉइलच्या बाजूचं टोकही असंच तपासा. प्लगकडे सगळे बघतात, त्या टोकाकडे कुणी बघत नाही.

खोल विहिरीत प्लग असलेल्या इंजिनांत बूट तिरपा उतरतो आणि क्लिप प्लगच्या शेजारी वाकून बसते. बूट बाहेर काढून आत टॉर्च मारा. क्लिप वाकली असेल तर नाकपक्कडीने गोल करा. विहिरीत पाणी किंवा ऑइल साचलंय का तेही तेव्हाच बघून घ्या. ऑइल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरखालची सील गेली आहे. ती बदलल्याशिवाय नवीन बूटही काही महिन्यांत फुगून मऊ पडेल.

काही प्लगच्या डोक्यावर आट्यांची बारीक टोपी असते, ती फिरवून काढता येते. काही वायरींच्या क्लिपला ती टोपी लागते, काहींना नुसत्या आट्या. नवीन वायरीची क्लिप सैल वाटली तर जुन्या प्लगशी तुलना करून बघा. टोपी असेल पण ढिली असेल तर पक्कडीने हलकेच आवळा. ढिल्या टोपीतही ठिणगी उडते आणि मिसिंग असं अधूनमधून येतं की माणूस वेडा व्हावा.

बुटाच्या आत सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस थोडंसं लावावं. बूट पुढच्या वेळी सहज निघतो आणि ओलावा आत शिरत नाही. पण हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, म्हणून क्लिप त्यात बुडवू नका. नेहमीचं बेअरिंगचं ग्रीस तर अजिबात नको, रबर फुगतं.

बूट ओढताना प्लगचं काय झालं?

जुने बूट प्लगला चिकटून बसलेले असतात. ते निघत नाहीत म्हणून आपण तिरपा झटका देतो आणि प्लगचं पोर्सिलेन केसाएवढं तडकतं. तडा डोळ्याला दिसत नाही, वीज मात्र त्याला बरोबर शोधते. मिसिंग ज्या सिलिंडरचं आहे त्याचा प्लग काढून नीट बघा. पोर्सिलेनवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी उभी रेघ असेल तर ती विजेची पायवाट आहे. अशी रेघ असलेला प्लग पुसून परत लावू नका, आणि त्या प्लगवरचा बूटही आतून तपासा. रेघ दोघांवरही उमटते, एकच बदलला तर उरलेला नव्यालाही खराब करतो. लोखंडी भागाच्या जरा वर तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका. तो नुसता डाग असतो, त्याने काही बिघडत नाही.

वायरींबरोबर प्लगही बदलले असतील तर गॅप मोजा. आजकालच्या बऱ्याच इंजिनांत तो ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. पेटीतून आलेला प्लग गॅप लावूनच येतो हे खरं, पण हातातून पडलेल्या प्लगचा गॅप मिटतो आणि तो सिलिंडर आयडलिंगलाच अडखळतो. इरिडियम किंवा प्लॅटिनमच्या प्लगचं मधलं टोक नाजूक असतं, गॅप करायची पट्टी त्यावर रेटू नका.

घट्टपणाबद्दल थोडक्यात. वॉशर असलेला नवीन प्लग हाताने बसेपर्यंत फिरवून पुढे पान्याने साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, तोच प्लग परत लावत असाल तर जेमतेम एक बारांश फेरा. निमुळत्या बैठकीचा असेल तर फक्त एक सोळांश. टॉर्क रेंच असेल तर हे सगळं विसरा आणि मॅन्युअलमधला आकडा लावा.

वायरी कुठून नेल्यात?

जुनी वायर काढताना प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात, आणि ‘राहू दे, काय फरक पडतो’ म्हणून नव्या वायरी मोकळ्या सोडल्या जातात. फरक पडतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकलेली वायर काही दिवसांत भाजते. लोखंडी कडेवर घासणारी वायर सोलवटते. आणि दोन वायरी एकमेकींना चिकटून लांबवर समांतर गेल्या तर एकीतली वीज दुसरीत अंशतः उतरते. त्या दोन सिलिंडरना लागोपाठ ठिणगी मिळत असेल तर दुसऱ्याला अवेळी ठिणगी मिळण्याचा धोका असतो. वर दिलेल्या व्ही-८ च्या ऑर्डरमध्ये ५ आणि ७ लागोपाठ येतात आणि ते इंजिनातही एकमेकांशेजारी आहेत. म्हणून जाणते मेकॅनिक या दोन वायरी कधीच जोडीने नेत नाहीत. एकमेकींना ओलांडून जाणं चालतं, गळ्यात गळा घालून जाणं चालत नाही.

गळती पकडायची जुनी युक्ती अजूनही तितकीच कामाची आहे. रात्री किंवा अंधाऱ्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवा, बॉनेट उघडा आणि दिवा बंद करा. गॅरेज असेल तर शटर उघडं हवं, एक्झॉस्टचा धूर बंद जागेत जीव घेतो. वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या की जागा सापडली. काहीच दिसलं नाही तर स्प्रेच्या बाटलीने वायरींवर, बुटांवर आणि कॅपवर पाण्याची बारीक धुई उडवा. हात लांब ठेवा, सैल बाह्या आणि ओढण्या दूर. धुई पडताच इंजिन अडखळलं तर त्या जागी गळती आहे. कोऱ्या करकरीत वायरीवर असं झालं तर मात्र वायरच सदोष, तुमचा पहिला राग बरोबर होता.

मीटर लावून मोजा

वायर दोन्ही टोकांनी सोडवा आणि मल्टिमीटर किलोओहमवर ठेवून क्लिपेपासून क्लिपेपर्यंत मोजा. कार्बनच्या गाभ्याची वायर साधारणपणे दर मीटर लांबीला १० ते २० किलोओहमच्या आसपास दाखवते. गुंडाळलेल्या तारेच्या गाभ्याची खूपच कमी, काही शे ते काही हजार ओहम. म्हणून जुनी १२ किलोओहम दाखवत होती आणि नवी १ दाखवते एवढ्यावरून नवी खराब ठरत नाही, दोघींची जात वेगळी असू शकते. खरी तुलना एकाच संचातल्या वायरींची करायची. लांब वायर जास्त दाखवेल, आखूड कमी. आखूड वायरच लांब वायरीच्या दुप्पट दाखवत असेल किंवा मीटर आकडाच देत नसेल, तर ती बाजूला काढा. मोजताना वायर वाकवून, टोकं हलवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर क्लिप गाभ्याला धड टोचलेली नाही.

मात्र मीटरने पास केलेली वायर चांगलीच असते असं नाही. मीटर आतल्या सेलच्या चार-दोन व्होल्टवर मोजतं, इंजिन तिच्यात हजारो व्होल्ट ढकलतं. गाभा अखंड आहे एवढंच मीटर सांगू शकतं. रबर गळतं का, ते अंधार आणि पाण्याची धुईच सांगते.

विनारेझिस्टन्सची साधी तांब्याची वायर ‘जास्त करंट जातो’ म्हणून बसवणारे भेटतात. कॉम्प्युटर असलेल्या गाडीत हा उद्योग करू नका. रेडिओत खरखर येते हे कमीच, पण तोच विजेचा गोंगाट क्रँक सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळला तर इंजिनाचा ताल चुकतो आणि दोष मात्र भलत्याच पार्टवर येतो.

वायरींखेरीज हात कुठे लागला?

वायरींपर्यंत पोहोचायला हवेची नळी काढली होती का? फिल्टरचा डबा? एखादं प्लास्टिकचं कव्हर? मग त्या वाटेवरची प्रत्येक नळी आणि प्रत्येक कनेक्टर परत दाबून बघा. व्हॅक्यूमचे जुने पाइप वाळून कडक झालेले असतात, नुसत्या धक्क्याने फाटतात. एअर फ्लो सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या नळीला चीर पडली तर तिथून आत जाणारी हवा मोजलीच जात नाही आणि मिश्रण पातळ होतं. इंजेक्टरचा कनेक्टर अर्धवट निघाला तर तो सिलिंडर मेल्यासारखाच वागतो, आणि वायरी नुकत्याच बदललेल्या म्हणून आपण ठिणगीच शोधत बसतो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा प्रकार.

डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला होता आणि वायरी ओढताना तो थोडा फिरला, असंही घडतं. तेव्हा सगळे सिलिंडर चालतात, पण गाडीत दमच नसतो किंवा ती ठोके द्यायला लागते. टायमिंग लाइट लावून टायमिंग परत सेट करा. लाइट हातात आहेच तर तिचा चिमटा एकेका वायरीवर लावून बघा. ज्या वायरीवर लाइट अडखळत लुकलुकते, तिच्यातली ठिणगी अनियमित आहे.

कॅप, रोटर आणि कॉइल

कॅप आतून बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड, भिंतीवर काळी रेघ, मध्यभागी स्प्रिंगवरचा कार्बनचा खडा तुटलेला, यातलं काहीही दिसलं तर कॅप आणि रोटर दोन्ही बदला. जुनी वायर कॅपच्या टर्मिनलमध्ये गंजून बसलेली असेल तर ती ओढताना टर्मिनलच हलतं. कॅप परत बसवताना तिची खाच जागेवर बसली नाही तर ती तिरपी राहते आणि रोटर घासतो.

कॉइलची परीक्षा घेताना एक चूक हमखास होते. चालू इंजिनावर वायर उपसून ठिणगी बघायची. जुन्या पॉइंटच्या (ठिणगीसाठी यांत्रिक स्विच असलेल्या) गाड्यांत खपून जायचं, इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये मात्र विजेला जायला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन किंवा मॉड्यूल (कॉइल चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) फोडून वाट काढते. वायर न बसवता गाडी बराच वेळ चालली असेल तर कॉइल याच कारणाने गेलेली असू शकते. ठिणगी बघायची तर वायर आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा स्पार्क टेस्टर वापरा. कुठला सिलिंडर मेलाय हे शोधायला तर ठिणगीला हात लावायचीही गरज नाही. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि परत लावा. ज्याचा काढल्यावर इंजिनाची चाल बदलतच नाही, तोच सिलिंडर आधीपासून काम करत नव्हता.

सिलिंडर कळला की नवीन वायर निर्दोष आहे की नाही, हे ठरवायला अदलाबदलीची चाचणी सर्वात प्रामाणिक. मिसिंग समजा २ नंबरच्या सिलिंडरला असेल तर त्याची वायर, लांबी पुरत असेल तर, चांगल्या सिलिंडरच्या वायरीशी बदला. टर्मिनल तेच ठेवायचे, फक्त वायर बदलायची. मिसिंग वायरीबरोबर गेलं तर वायर दोषी. तिथेच राहिलं तर तीच चाचणी प्लगची घ्या. प्लगबरोबरही हललं नाही तर कॉइल, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन. जुनी वायर अजून टाकून दिली नसेल तर तीही लावून बघा. म्हणूनच गाडी दोन-चार दिवस नीट चालेपर्यंत जुना संच कचऱ्यात टाकू नये.

आणि मुळात गाडी बिघडली म्हणूनच वायरी बदलल्या असतील, तर वरचं सगळं नीट निघाल्यावर हे मान्य करावं लागेल की दुखणं वायरीत नव्हतंच. तेव्हा कॉम्प्रेशन मोजणं ही पुढची पायरी. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी निघालं तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट. कितीही चांगली ठिणगी दिली तरी तो सिलिंडर सुधारणार नाही.

दोष सापडून दुरुस्त झाला की स्कॅनरने कोड पुसा आणि गाडी आधी आयडलिंगला, मग सपाट रस्त्यावर, मग चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून रेस देऊन बघा. काम करताना बॅटरी काढली असेल तर पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडं खालीवर होईल, कॉम्प्युटर नव्याने शिकत असतो. तेवढं सोडून द्या. पण चढावर एकही झटका आला तर घरी येऊन आधी बूट परत दाबून बघा.